शब्दचर्चा : आयर्लंडमधल्या शेतांची गेलिक (आयरिश भाषेतली) नावं

प्रश्न : आयर्लंडच्या नकाशावर ‘ऑख’ने सुरू होणारी गावं बरीच आहेत. ऑख म्हणजे शेत, असं सरसकट धरायचं का?

– मुळीच नको. टायरोन परगण्यातल्या ऑखनाक्लॉय गावाच्या नावात शेत आहे : ‘अखा’ म्हणजे शेत, ‘क्लोख’ म्हणजे दगड; दगडाचं शेत. पण गॉलवेमधल्या ऑख्रिममध्ये (१६९१ची लढाई झाली ते) शेत नाहीच. तिथे ‘अख’ म्हणजे घोडा, आणि नावाच्या पुढच्या भागाचा अर्थ डोंगराची धार. हा अख आणि आपला अश्व एकाच मुळातले. इंग्रजी स्पेलिंगने दोन्ही शब्द एका साच्यात घातले. ओळखायचं आघातावरून : ऑखनाक्लॉयमध्ये जोर शेवटच्या ‘क्लॉय’वर पडतो, कारण विशेषण किंवा षष्ठीचं पद मागून येतं आणि जोर त्यावर असतो. ऑख्रिम हा जोडशब्द, म्हणून जोर पहिल्याच अक्षरावर.

– शेताला शब्द एकच नाही, हेही लक्षात घ्या. ‘गोर्त’ म्हणजे पीक घ्यायचं वावर. त्याचा ‘गोर्ता’शी (उपासमार) घोळ घालू नये. ‘क्लूअन’ हे कुरण, बहुधा दलदल किंवा रानाने वेढलेलं. नकाशावर ते ‘क्लॉन’ होतं. क्लॉनमेल म्हणजे मधाचं कुरण, क्लॉनटार्फ बैलांचं. ‘तावनख’ म्हणजे डोंगराळ, खडकाळ भागातला लागवडीजोगा तुकडा.

– सगळ्यात फसवा शब्द ‘बान’. अर्थ पांढरा, आणि न नांगरलेली गवताळ जमीनही. इथे आपली ‘पांढरी’ आणू नका. ती वस्तीची जागा, हे पडीक रान.

प्रश्न : मग खात्री कशी करायची?

– आधी स्थानिक माणसाचा उच्चार टिपा, आघातासकट. मग जुन्या कागदांतली स्पेलिंगं सालवार मांडा; पुढे गळून गेलेली अक्षरं सगळ्यात जुन्या रूपात बऱ्याचदा सापडतात. शेवटी जमीन पाहा : ‘क्लूअन’ म्हणावं आणि आसपास ओल नसावी, तर पुन्हा तपासा. १८२४मध्ये सुरू झालेल्या सरकारी मोजणीत आयरिश भाषेचे अभ्यासक जॉन ओ’डोनोव्हन १८३०पासून याच वाटेने गेले. जुनी रूपं जमवली, आयरिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं. पण ते काम मुख्यतः गावशिवारांच्या नावांचं. एकेका शेताची नावं त्या नकाशांवर सहसा आलीच नाहीत, त्यामुळे तिथे जुनं स्पेलिंग मिळेलच असं नाही. अशा वेळी उच्चाराचं ध्वनिमुद्रण हाच पहिला पुरावा, आणि ते शेत कसणाऱ्याच्याच तोंडून घ्यावं.