पीटीचा अभ्यासक्रम मानकांवर आधारित करायचाय, सुरुवात कुठून करू?

वर्षा_पीटी
नमस्कार मंडळी, मी पहिली ते पाचवीला पीटी शिकवते. आमचं वार्षिक नियोजन म्हणजे आत्तापर्यंत नुसती खेळांची यादी, दोन महिने फुटबॉल, मग अ‍ॅथलेटिक्स, मग बास्केटबॉल, पुढच्या वर्षी परत तेच. आता वरून निरोप आलाय की सगळं मानकांवर, म्हणजे पोरांना काय यायला हवं ते ठरवून त्यावर, आधारित हवं. मी काय केलं, जुनाच तक्ता काढला आणि प्रत्येक तासापुढे मानक 1, मानक 3 असे नंबर टाकले. कागद पास झाला पण! मैदानावर मात्र काडीचा फरक नाही, रांग लावायची, एक जण फेकतो आणि बाकीचे 29 उभे. हे खरंच कसं करतात? आठवड्याला दोनच तास मिळतात.

शिट्टीमास्तर
मॅडम, नंबर टाकायचं काम आम्ही पण केलंय, लाजू नका 😄

उलटीकडून या. पाचवी संपताना पोराला काय यायला हवं ते आधी लिहा, मग ते आलंय हे कशावरून ओळखणार ते लिहा, खेळ सगळ्यात शेवटी निवडा. आता वरून चेंडू फेकणं घ्या. बघायच्या गोष्टी 5, अंग लक्ष्याला आडवं, हात मागे नेऊन कोपर खांद्याच्या उंचीला, फेकत्या हाताच्या उलटा पाय पुढे, कंबर आणि खांदे फिरणं, आणि फेकून झाल्यावर हात अंगावरून पलीकडे जाणं. शेप अमेरिका ही तिकडच्या पीटी शिक्षकांची संघटना, तिच्या 2013 च्या आराखड्यात दुसरीला यातल्या 2 दिसल्या तरी पुरतं, तिसरीला 3 आणि चौथीला पूर्ण फेक. म्हणजे फेकणं तिन्ही वर्षं आहे पण अपेक्षा चढत जाते, तुमच्या यादीत नेमकं हेच नाहीये.

बरीच पोरं उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकतात. मी खडूने जमिनीवर डावं पाऊल काढतो आणि "चित्रावर पाय, मग फेक" एवढंच ओरडतो. बाकीच्या चार गोष्टींबद्दल त्या दिवशी तोंडच उघडत नाही.

वर्षा_पीटी
सर हे पटलं, पण 30 पोरांच्या 5 गोष्टी टिपायच्या कधी?

शिट्टीमास्तर
एका तासाला एकच गोष्ट आणि 10 पोरं. यादीत फक्त ज्याला जमत नाहीये त्याच्या नावापुढे खूण, बाकी कोरं. आणि रांग मोडा आधी, जोड्या करून भिंतीकडे फेकायला लावा, म्हणजे सगळे एकदम फेकतात आणि तुम्ही मोकळ्या.

धावता_धावता
मी जरा वेगळं बोलतो. टिपणं ठीक आहे पण मी असेही तास पाहिलेत जिथे शिक्षक वहीत आणि पोरं सावलीत. निम्मा तास तरी पोरं धापा टाकत असायला हवीत, ते नसेल तर तुमचं मानक कागदावरच राहणार. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते, आठवड्याच्या दोन तासांत ते कुठून बसणार, म्हणून पोरगं शाळेबाहेर स्वतःहून खेळतंय का हाच माझ्या मते खरा प्रश्न. शेप अमेरिकाची मानकं आधी 5 होती, 2024 ला 4 केली, त्यातलं चौथं साधारण हेच आहे, पण नियोजन करताना सगळे पहिल्यावरच, म्हणजे फेकणं-धावणं अशा कौशल्यांवरच, अडकतात कारण ते डोळ्यांना दिसतं.

आणि हात जोडून सांगतो, 20 मीटरच्या बीप टेस्टवर (बीप वाजेल तसं पुढेमागे धावायचं, वेग वाढत जातो) मार्क देऊ नका. पोराची वाढ लवकर झाली का उशिरा, यावर त्यातलं बरंच ठरतं. त्याचा आधीचा आकडा त्याच्याच हातात द्या आणि विचारा, पुढच्या वेळी किती?

रिंगणातली
खेळांची यादी फेकून देऊ नका हं, फक्त नव्याने लावा. फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्हींत मोकळी जागा शोधून पास घेणं सारखंच, मग 3 विरुद्ध 3 लावून दोन्ही एकाच युनिटमध्ये घ्या. बंकर आणि थॉर्प या इंग्लंडमधल्या पीटीच्या अभ्यासकांनी 1982 मध्ये हीच दिशा दाखवली होती, आधी खेळ, मग "पास का गेला नाही?" हा प्रश्न, आणि पोरांना गरज वाटली की मगच कौशल्य. नुसतं ड्रिबलिंग करून कंटाळलेलं पोर मॅच कधी म्हणून डोकं खातं ना, ते इथे होत नाही.

वर्षा_पीटी
आज तिसरीला करून बघितलं. भिंत, जोड्या, खडूचं पाऊल. मस्त चाललं होतं, एकच मुलगी सारखी अडखळत होती, पाय चित्रावर अगदी बरोबर आणि तरी चेंडू भलतीकडेच. मी खूण करणार एवढ्यात लक्षात आलं, ती डावखुरी आहे हो! उद्या दुसऱ्या रंगाचा खडू नेतेय.