टेबलाला पट्टा बांधला आणि टेबलच सरकलं

गोटीची_आई:
आमची कुत्री गोटी दोन वर्षांची, घरात अगदी शहाणी. परवा पहिल्यांदाच तिला कुत्री चालतात अशा एका रेस्टॉरंट-बारमध्ये नेलं. पट्टा टेबलाच्या पायाला बांधला होता. शेजारी एक थोराड कुत्रा येऊन बसला, गोटीने झेप घेतली, टेबल फूटभर सरकलं आणि ग्लास फुटला. काचा उचलताना माझे हात थरथरत होते. कुणी रागावलं नाही, वेटर तर स्वतःहून फडकं घेऊन आला. गोटी मात्र माझ्या पायांत शिरून जांभया देत राहिली. शेवटी पार्सल करून घेतलं आणि निघालो. तिला घरी एकटं ठेवून बाहेर जेवायचं माझ्या जिवावर येतं. हे शिकवता येतं का?

चटईवाला:
येतं, पण त्या जांभया झोपेच्या नव्हत्या. कुत्रं घाबरलं की जांभया देतं, जीभ ओठांवरून फिरवतं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं. हे दिसलं की उठायचं, आणि तुम्ही उठलात ते बरोबरच केलंत. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यांना जवळपास 45,000 पर्यंत. ओढलेली खुर्ची, बर्फ फोडण्याचं यंत्र, सगळं तिच्या अंगावर येत असणार.

माझ्या कुत्र्याला चार महिने लागले. घरी जेवताना टेबलाखाली एक जाड चटई टाकायचो. तो तिच्यावर आडवा झाला की गुपचूप खाऊ द्यायचो, उठला तर काही बोलायचो नाही. एके दिवशी मी ताट घेऊन बसलो आणि तो आपणहून जाऊन पसरला, हनुवटी माझ्या चपलेवर टेकून. मग तीच चटई बाल्कनीत, मग बाहेर. पहिल्या वेळी गर्दी नसताना गेलो, फक्त कॉफी मागवली, दहा मिनिटांत परत. आधी लांब फिरवून आणायचं, हे विसरू नका. भिंतीकडचं कोपऱ्यातलं टेबल घ्या, येण्याजाण्याच्या वाटेवरचं नको. पट्टा कमरेला नाहीतर पायाखाली. टेबलाला कधीच नाही!

लॅबची_ताई:
माझं लक्ष नेहमी जमिनीवर असतं. आमच्या लॅब्रेडॉर कुत्रीने शेजारच्या टेबलाखाली पडलेला परतलेला कांदा खाल्ला, मी हसून सोडून दिलं. चौथ्या दिवशी हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी गडद झाली. कांदा-लसणाने त्यांच्या लाल रक्तपेशी फुटतात, शिजवलेला असला तरी, हे तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. वाचली ती, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, झायलिटॉलचं (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) च्युइंगगम, ग्लासातली उरलेली दारू, सगळंच घातक. शिजवलेल्या हाडांचे कपचे आतड्यात रुततात. पाण्याचं भांडं घरचंच न्या.

जुना_मालक:
सगळ्यांनाच जमत नाही हो. माझ्या म्हाताऱ्या कुत्रीला माणसांची गर्दी कधीच आवडली नाही. तिच्यासाठी मी घरी लवकर परततो, तिला ओढून नेत नाही.

गोटीची_आई:
मनापासून आभार. आजच टेबलाखाली चटई टाकली. गोटी वास घेऊन गेली, बसली नाही. चटई मधेमधे धुवायची का?

चटईवाला:
महिनाभर नको. तिचा वास मुरू द्या.