एमडीआर टीबीत फुप्फुसात व्हॉल्व्ह बसवतात म्हणे, नाशिकला कोणी करतं का?

अंबडलिंकरोड:
माझ्या मेव्हण्याला एमडीआर टीबी (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा) आहे, आठवा महिना चालू आहे गोळ्यांचा. उजव्या फुप्फुसात वरती मोठी कॅव्हिटी म्हणजे पोकळी आहे आणि कफ अजून पॉझिटिव्हच येतोय. एका यूट्यूब व्हिडिओत पाहिलं की रशियात श्वासनळीत व्हॉल्व्ह टाकून बरं करतात, ऑपरेशन नाही काही नाही. खरंय का हे, की नुसतं पैसे काढायचं काम? घरचे म्हणतायत शेत विकू पण करू, म्हणून घाईने विचारतोय.

खोकलाबाबा:
दादा आधी शेत राहू द्या. व्हॉल्व्ह खरा आहे, रशियात बार्नौलला तयार झालेला रबराचा, तिकडे टीबीसाठी वापरतात. दुर्बीण घालून कॅव्हिटीकडे जाणाऱ्या नळीत बसवतात. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हच्या बरोबर उलटं काम, हवा अन् कफ बाहेर येतो पण आत काही जात नाही, मग तेवढा भाग आकसतो आणि कॅव्हिटी मिटायला मदत होते. जंतू तिथेच दडून बसतात आणि औषध नीट पोचत नाही, सगळी मारामारी त्याचीच असते. काही महिन्यांनी दुर्बिणीनेच काढून टाकतात.
पण औषधं सुटत नाहीत! व्हॉल्व्ह हा औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही. शेजारच्या भागातून हवा झिरपत असेल तर तो भाग आकसतच नाही, आणि कधी फुप्फुसाबाहेर हवा साठते, कधी खोकल्यात व्हॉल्व्ह निघून येतो. आपल्याकडे असे व्हॉल्व्ह एम्फिसीमाच्या (फुप्फुस फुगून दम लागतो तो आजार) पेशंटना बसवतात, खर्च लाखात, टीबीच्या सरकारी उपचारात हे धरलेलं नाही.

सिडकोची_ताई:
आठ महिन्यांनी पण पॉझिटिव्ह म्हणजे आधी कल्चर (कफातले जंतू वाढवून बघतात ते) आणि औषधांची टेस्ट परत करायला लावा, बेडाक्विलिन, लिनेझोलिड, लेव्होफ्लॉक्सासिन चालतंय का ते कळल्याशिवाय नळीत काही घालून उपयोग नाही. गोळ्या रोज जातायत ना पोटात? राग मानू नका पण आमच्याकडे दीर अर्ध्या गोळ्या गादीखाली ठेवायचे, लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात म्हणून. त्रास असेल तर डॉक्टरांना सांगायचं, ते डोस बघतात.

जुनानाशिककर:
औषधं नव्हती तेव्हा हेच करायचे की हो, छातीत हवा भरून फुप्फुस दाबायचे नाहीतर बरगड्या काढायचे. माझ्या थोरल्या काकांची एक बाजू कायम खाली दबलेली होती, तरी ऐंशी वर्षं जगले बुवा. व्हॉल्व्ह म्हणजे त्याच डोक्याची नवी पद्धत.

अंबडलिंकरोड:
ताई राग कशाला, विचारतो त्याला, अळणी तोंड झालंय म्हणून जेवतही नाही. सिव्हिलला टीबी विभागात कोणाला भेटायचं?

खोकलाबाबा:
डीआर टीबी सेंटर (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा विभाग) विचारा, सगळे जुने एक्सरे आणि सीटीची सीडी घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको. तिथे थेट विचारा की एकाच बाजूची कॅव्हिटी आहे तर सर्जनचं मत घेता येईल का, तेवढा भाग काढायचं ऑपरेशन आपल्याकडे होतं. पोषणाचे महिन्याचे १००० रुपये खात्यात येतायत का तेही बघा, निक्षयवर (टीबी पेशंटच्या नोंदीची सरकारी वेबसाइट) बँक खातं जोडलेलं नसेल तर अडकतात. आणि घरात लहान पोरं असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्या एकदा.