गोव्याचा जनमत कौल

मोठे राष्ट्रीय प्रश्न संसदेऐवजी थेट जनतेने सोडवावेत, अशी योजना काहीजण मांडतात; ती मला अर्धीच पटते. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा कौल बघा. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. पण स्वतंत्र राज्य हा पर्याय तिथे नव्हताच! त्यासाठी १९८७ उजाडावं लागलं.

लोकांच्या समजुतीबद्दल मला शंका नाही. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्याने मार्चमध्ये विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगोप) पुन्हा निवडून दिलं. दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबर वेगळ्या ठेवल्या. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मगोपचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचं मंत्रिमंडळ आधीच पायउतार झालं होतं, हेही फार मोलाचं. मात्र मतपत्रिकेवर कोणते पर्याय छापायचे, हे संसदेच्या कायद्यानेच ठरवलं होतं. थेट जनतेने प्रश्न सोडवण्याच्या योजनेत ते कोण ठरवणार?