गावालगतचा गृहप्रकल्प आणि पाण्याचा प्रश्न

प्रश्न: मुळशी तालुक्यातील आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकरने पाणी येते, अशा स्थितीत ओढ्याकाठच्या भातखाचरांत भराव टाकून ३०० सदनिका उभ्या राहणार असल्याने, आजोबांनी खणलेली आमची विहीर आटेल, अशी भीती वाटते. दाद कोठे मागावी?

उत्तर: बांधकाम परवानगी तेथे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) देते, म्हणून मंजूर नकाशा आणि पाण्याच्या स्रोताची कागदपत्रे २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली तेथूनच मागवावीत. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असल्यास पर्यावरण मंजुरीही लागते.

उत्तर: त्याआधी भरावाची लेखी तक्रार गाव नकाशाच्या प्रतीसह तहसीलदारांकडे द्यावी. ओढा एकदा बुजला, की त्याचा मूळ प्रवाह सिद्ध करणे फार अवघड जाते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उद्याच दोन्ही अर्ज देतो.