दुसऱ्यांदा गुडघा गेला, खो-खो बंद. मुलीला ‘देवाची इच्छा’ म्हणून सांगायचं का?

नाशिकरोडची आई
जय ख्रिस्त सगळ्यांना. माझी मुलगी 19 वर्षांची, शाळेपासून खो-खो खेळतेय, जिल्ह्याच्या टीममध्ये होती. डाव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला लिगामेंट) एकदा फाटलं, ऑपरेशन झालं, सगळी फिजिओ नीट करून परत मैदानात उतरली आणि आता खांबाजवळ वळताना तेच परत फाटलं. डॉक्टर म्हणतात चालणं, सायकल, पोहणं सगळं होईल पण असा गर्रकन वळायचा खेळ आता नको. तेव्हापासून ती चर्चला येत नाही. मंडळीतल्या एक बाई प्रेमानेच घरी आल्या, म्हणाल्या देवाची इच्छा आहे बाळा, मान्य कर, तर ही उठून आत गेली आणि बूट, नीकॅप, टीमचा टीशर्ट सगळं पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलं. तिने हे स्वीकारावं असं मलाही वाटतं हो, पण सांगू कसं?

शरणपूरकर
ताई, आत्ता काही सांगूच नका. क्रूसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः तीनदा प्रार्थना केली, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून. प्रेषित पौलाने पण शरीरातला काटा, म्हणजे त्याचा सततचा त्रास, जावा म्हणून तीनदाच विनंती केली आणि त्यानंतर त्याला उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. आपण लोक काय करतो, ते मागणं, ते रडणं सगळं गाळून डायरेक्ट कृपेच्या वचनावर जातो, आणि तेही दुसऱ्याच्या दुखण्यावर. स्तोत्र 13 बघा, दावीद सरळ विचारतो की किती वेळ मला विसरून राहणार. तेही पवित्र शास्त्रातच आहे ना. तिला रागवू द्या देवावर, तो ऐकून घेतो.

गोदाकाठचा रनर
शरणपूरकर दादांचं पटतं पण अर्धंच. रागात फार दिवस एकटी बसू देऊ नका. स्कॉटिश ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेलचं नाव ऐकलं असेल, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची हीट रविवारी, म्हणजे देवाच्या दिवशी, म्हणून पळाला नाही आणि 400 मीटरमध्ये 47.6 सेकंदात गोल्ड घेतलं. सगळे इथेच थांबतात, मला पुढचं जास्त भिडतं. दुसऱ्याच वर्षी हा माणूस ऐन भरात मिशनरी म्हणून चीनला गेला, युद्धात जपान्यांच्या छावणीत अडकला आणि तिथे पोरांचे खेळ घ्यायचा. पोरं रविवारी मॅचमध्ये भांडायला लागली म्हणून रविवारी रेफ्री म्हणून पण उभा राहिला, ज्या रविवारसाठी त्याने शर्यत सोडली होती त्याच वारी! फेब्रुवारी 1945 मध्ये छावणीतच गेला, 43 वर्षांचा होता. विश्वास तोच होता, पण तो जगायची पद्धत त्याने समोरच्या पोरांकडे बघून बदलली, आणि मला वाटतं बदल स्वीकारणं म्हणजे हेच, हात टेकणं नव्हे.

खोखो_कोच_नाशिक
ताई, मी ख्रिस्ती नाही, पण खो-खोचं सांगतो. आपल्या खेळात पाठलाग करणाऱ्याने खो दिला की त्याला त्या जागेवर बसावंच लागतं, आणि बसलेला पण खेळातच असतो, त्याची नजर हलली की डाव गेला. पोरीचा गुडघा गेलाय, नजर नाही गेली. जानेवारी 2025 च्या पहिल्या वर्ल्ड कपला दिल्लीत आपल्या मुलींनी आणि मुलांनी दोन्ही कप आणले, तेव्हापासून लहान पोरी खूप येतायत आणि त्यांना बसायचं कसं, खो द्यायचा कधी हे शिकवायला माणूस कमी पडतं. फक्त आत्ताच ‘पंच हो, कोच हो’ म्हणू नका, तिला ती समजूत काढल्यासारखी वाटेल. एखाद्या संध्याकाळी नुसती मैदानावर आणा, पळतीचा (बचाव करणाऱ्यांचा) टाइम लिहायला देतो.

नाशिकरोडची आई
सगळ्यांचे आभार. काल तिला एवढंच म्हटलं की मी पण देवावर रागावलेय, तर किती दिवसांनी नीट बोलली, मग दोघी रडलो. चर्चचं मी काढलंच नाही. कोच दादा, तुमचं वाचून दाखवलं तर म्हणाली लहान पोरी पाटीवर (मैदानातल्या बसायच्या पट्ट्यावर) चुकीच्या बसतात ते खरंय. शनिवारी आणते. सध्या कुबडी आहे, मैदानावर एक खुर्ची मिळेल का?

खोखो_कोच_नाशिक
मिळेल. साडेपाचला या, त्याआधी ऊन असतं.