यंत्र सूर खात नाही, तुमचं सेटिंग खातं

तरफेची तार (धागाकर्ती)

‘ऑनलाइन गाणं शिकवणं ही सुराची विटंबना आहे. तंबोरासुद्धा ऐकू येत नाही, मग शिकवता काय?’ असं कालच्या धाग्यावर एकांनी ठोकून दिलं आणि खाली सगळ्यांनी ‘अगदी सहमत’ म्हणून माना डोलावल्या. उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

तंबोरा ऐकू येत नाही हे खरं. पण का येत नाही, ते कोणी बघितलं? झूम बोलण्यासाठी बनवलंय. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर एसी, अशी त्याची समजूत. त्यामुळे तंबोरा काही सेकंदांत गाळला जातो. लांबवलेला षड्जही त्याच चाळणीत अडकून मध्येच विरतो आणि गुरुजी म्हणतात, दम कमी पडतोय!

ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा, त्याखालचा ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ चालू करा, ‘एको कॅन्सलेशन’ काढा. मग मीटिंग सुरू झाल्यावर पडद्यावरचं ओरिजिनल साउंडचं बटण ‘ऑन’ आहे ना ते पुन्हा बघा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. आणि हे सगळं शिष्याकडे करायचं. गुरुजींनी फक्त आपल्याकडे केलं तर गुरुजींचा आवाज सुधारेल, शिष्याचा नाही.

एको कॅन्सलेशन काढलं की शिष्याला इअरफोन हवाच, नाहीतर गुरुजींना स्वतःचाच आवाज फिरून ऐकू येतो. इअरफोन वायरचा घ्या. ब्लूटूथ स्वतःचा वेगळा उशीर घालतो, शिवाय त्याचाच माइक चालू राहिला तर आवाजाची पार रया जाते. एकाच कानात बोंडूक घाला, दुसरा कान तंबोऱ्यासाठी मोकळा. तंबोऱ्याचं अ‍ॅप दुसऱ्या फोनवर, छोट्या स्पीकरला जोडून, माइकपासून हातभर लांब. झूमच्याच फोनवर लावलंत तर दोन्ही एकमेकांचा आवाज दाबतात.

एवढं करून तंबोरा ऐकू आला नाही तर मग विटंबना म्हणा.

डग्गा

गाण्याचं चालेल हो तुमचं. तबल्याचं काय?

लॅपटॉपच्या चपट्या स्पीकरमधून खालचे आवाज निघतच नाहीत. डग्ग्याची आस जाते, उरते ती चाटेची (तबल्याच्या कडेची) टिचकी. ‘धा’ वाजवला काय आणि ‘ना’ वाजवला काय, पलीकडे ‘ना’च. ‘धिं’चा ‘तिं’ होतो. म्हणजे खाली-भरीचा (डग्ग्याविना आणि डग्ग्यासकट वाजणाऱ्या बोलांचा) फरकच संपला, आणि खाली-भरी कळत नसेल तर कायद्यात (बोलांच्या ठरलेल्या रचनेत) शिकवायला उरलं काय? मनगटाने काढलेली मींड (सरकता सूर) तर स्वयंचलित आवाज-नियंत्रण सपाट करून टाकतं: थाप मोठी आली की आवाज खाली ओढतं, मग मागची घुमार वर येईपर्यंत पुढचा बोल आलेला असतो.

तरफेची तार

स्पीकरचा दोष आहे हा, आणि तोही गुरुजींच्या बाजूचा. कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन लावा, धा आणि ना वेगळे कळतील. आवाज-नियंत्रणासाठी माइकची पातळी आपोआप बदलण्याची खूण काढा आणि हाताने ठेवा. फोन तबल्याला चिकटवून ठेवू नका, दोन-अडीच फूट लांब ठेवा. कॅमेरा समोरून नको, वरून तिरका. समोरून शाईवर बोट कुठे पडतंय ते दिसत नाही.

मंद्र

सेटिंगं झाली, आता मुद्द्याचं बोला. तालीम म्हणजे गुरूच्या आवाजाखाली आपला आवाज ठेवणं. श्रुती कुठे धरायची हे सांगून कळत नाही, सोबत गाऊन कळतं. ते ऑनलाइन होतं का? एका शब्दात उत्तर द्या.

तरफेची तार

अर्धं. शिष्याला गुरुजींसोबत गाता येतं, कारण त्याच्या कानात दोन्ही आवाज बरोबरच असतात. उशीर कळतो तो गुरुजींना. म्हणून शिष्याने स्वतःचा माइक बंद करून सोबत गायचं, मग तोच आलाप चालू माइकवर एकट्याने.

मंद्र

म्हणजे चूक होत असताना गुरूला ऐकूच येत नाही. गाऊन झाल्यावर दुरुस्ती! याला तालीम म्हणायचं तर पत्राने पोहणंही शिकवता येईल.

सातासमुद्रापार

जरा आकडे. झूमचा एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंद धरा, जाऊन-येऊन ३००. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. गुरुजींनी ठेका धरला आणि शिष्य त्यावर बरोबर समेवर आला, तरी गुरुजींना तो मात्रेहून जास्त मागे ऐकू येणार. मग ‘लय सोडू नकोस’ म्हणून ओरडा, आणि पोरगं बिचारं पुढे पळायला लागतं. विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची असेल तर हाच उशीर जेमतेम जाणवतो.

उपाय एकच: ठेका किंवा नगमा (तालाचं आवर्तन दाखवणारी धून) शिष्याच्या खोलीत वाजवा. मग ठेका आणि गाणं दोन्ही सारख्याच उशिराने पोहोचतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, गुरुजींना सम जिथे आहे तिथेच ऐकू येते.

जॅम्युलस, सोनोबस, जॅकट्रिप या कमी उशिराच्या, एकत्र वाजवायच्या अ‍ॅप्सची नावं कोणी घेण्याआधी सांगतो. पुणे-नागपूरला वायरच्या नेटवर जमू शकतं, वायफायवर नाही. २५-३० मिलिसेकंदांच्या आत असेल तरच एकत्र वाजवताना लय टिकते. पुण्याहून न्यूजर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं पोहोचायलाच ६० मिलिसेकंदांच्या वर. त्याला कुठलंही अ‍ॅप काही करू शकत नाही.

चौकस

आवाज नीट पोहोचत नसेल तर शिष्याने समोर ट्यूनरचं अ‍ॅप ठेवावं. सुई मधोमध आली की स्वर लागला. गुरुजींवर अवलंबून कशाला राहायचं?

मंद्र

घ्या! हेच म्हणत होतो. अहो, ती सुई समान अंतराच्या सुरावटीची. पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर, म्हणून तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो तो ३८६ वर. चौदा सेंट चढा गंधार लावून ‘सुई मधोमध आहे’ म्हणणारी पिढी तयार करताय. आणि दरबारी रागातला कोमल गंधार? त्याच्या आंदोलनात (हळू झुलण्यात) सुई कुठे थांबवणार?

पेटीवाला

चौदा सेंट, चौदा सेंट! पेटीही त्याच सुरावटीची, म्हणजे आता पेटीला शिव्या येणार, त्या आधीच घेतो. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंद केली, १९७१ मध्ये ती बंदी अंशतः उठली. मधल्या काळात मैफलींतून पेटी गेली का? गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांची पेटी ऐकून कोणाचा गंधार बिघडला ते सांगा.

मंद्र

तयार गवय्यामागे साथीला पेटी वेगळी आणि नवशिक्याच्या हातात पहिल्या दिवसापासून पेटी वेगळी. ऑनलाइन वर्गात तर तंबोरा गाळला जातो म्हणून सगळे पेटीच धरून बसतात.

पेटीवाला

मग गंधाराची पत्ती (पेटीतली वाजणारी पितळी जीभ) उतरवून घ्या. बुडाशी हलकी कानस मारली की सूर उतरतो, टोकाशी मारली की चढतो. अर्ध्या तासाचं काम.

मंद्र

काळी १ (पहिली काळी पट्टी) षड्ज धरला तर गंधार पांढरी ४, तीच उतरवणार ना? मग त्याच घरात काळी ५ ला गाणारी असेल तर पांढरी ४ हा तिचा पंचम. पंचम चौदा सेंट उतरलेला! शाबास.

पेटीवाला

त्यासाठी डॉ. विद्याधर ओकांची २२ श्रुतींची पेटी आहे. परवडत नसेल तर दोन पेट्या ठेवा.

चौकस

मी एक अ‍ॅप सुचवलं होतं फक्त.

डग्गा

पेटीचा वेगळा धागा काढा की राव. इथे डग्ग्याचं राहिलंच. हेडफोनने धा-ना कळतात, तेवढं घ्या मान्य. मींड अजूनही अर्धीच येते. आणि रेला (जलद बोलांची अखंड ओळ) समोर बसूनच शिकवणार, त्यावर वाद नको.

तरफेची तार

मींडेसाठी थेट कॉलवर विसंबू नका. शिष्याने फोनवर ध्वनिमुद्रण करून ते व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं. व्हॉइस मेसेज केला तर आवाज पुन्हा दाबला जातो. रेल्याचं तुमचं खरं. मंद्र, सोबत गाण्याचंही तुमचं खरं, पण मग कालच्या धाग्यावर ‘अगदी सहमत’ लिहिताना ‘तंबोरा ऐकू येत नाही’ हे कारण कसं चाललं तुम्हाला?

मंद्र

तेव्हा ते बटण माहीत नव्हतं. विटंबना हा शब्द मी लिहिलेला नाही, आणि मागेही घेणार नाही.